हिमोफिलिया ए असलेल्या 11 वर्षांच्या मुलासाठी जीन थेरपीची वाट पाहावी का?

नाही, थांबू नका. मुलगा 30 किलोचा, सिव्हिअर हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारं फॅक्टर 8 हे प्रथिन जवळपास नाहीच), इनहिबिटर (फॅक्टर निकामी करणाऱ्या अँटिबॉडी) नाही, आणि डॉक्टरांनी सुचवलेलं इमिसिझुमॅब (फॅक्टर 8चं काम करून रक्तस्राव टाळणारं इंजेक्शन) तुम्ही जीन थेरपीच्या आशेवर लांबवलंय. यात बळी जातात ते गुडघे आणि घोटे. एकाच सांध्यात वारंवार रक्त साचलं की आतलं अस्तर सुजतं, सुजलेल्या अस्तरातून आणखी सहज रक्त येतं. या चक्रात झिजलेली कूर्चा कुठलीच जीन थेरपी परत आणत नाही.

हिमोफिलिया ए साठीची जीन थेरपी रॉक्टेव्हियन (युरोपात 2022, अमेरिकेत 2023) फक्त प्रौढांसाठी मंजूर झाली. एएव्ही या निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून फॅक्टर 8चं जनुक यकृताच्या पेशींत सोडलं जातं, पण ते बहुतांशी गुणसूत्रात मिसळत नाही, सुटंच राहतं. मुलाचं यकृत वाढतं, पेशी दुभंगतात आणि जनुक विरळ होत जातं. त्यात पहिल्या डोसनंतर या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी एवढ्या वाढतात की दुसरा डोस लागू पडत नाही. प्रौढांतही फॅक्टरची पातळी दुसऱ्या वर्षाअखेर पहिल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. मध्येच एसजीपीटी (यकृताला इजा दाखवणारी रक्तचाचणी) चढलं तर कित्येक आठवडे स्टेरॉइड. बातम्यांत दिसणारी 35 लाख डॉलरची हेमजेनिक्स ही जीन थेरपी हिमोफिलिया बी (फॅक्टर 9ची कमतरता) साठी आहे, ती सोडून द्या.

वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) रुग्णालयाचं काम वेगळं आणि खरंच आशादायक. तिथे रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशींत लेंटिव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूने जनुक घालून त्या परत देतात. डिसेंबर 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाचही प्रौढ रुग्णांचे रक्तस्राव थांबले. पण आधी केमोने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात संसर्गाचा आणि पुढे मूल न होण्याचा धोका असतो. इंजेक्शनवर नीट राहू शकणाऱ्या मुलासाठी हा सौदा मला महाग वाटतो.

इमिसिझुमॅब त्वचेखाली देतात: पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे 3 मिग्रॅ, म्हणजे तुमच्या मुलाला 90 मिग्रॅ. नंतर आठवड्याला 45, किंवा पंधरवड्याला 90. ते घेतल्याने पुढे जीन थेरपीचा मार्ग बंद होत नाही. मार लागला किंवा ऑपरेशन ठरलं तर फॅक्टर 8 लागेलच, त्यामुळे जवळच्या सरकारी हिमोफिलिया केंद्रात नोंदणी ठेवा. हिपॅटायटिस बीची लसही पूर्ण करा. पुढे जीन थेरपी घ्यायची झाली तर यकृत धडधाकट हवं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा. इमिसिझुमॅबवर एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) नॉर्मल येतो आणि साध्या पद्धतीने मोजलेला फॅक्टर 8 खोटाच जास्त दिसतो. ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून कुणी फॅक्टर न देता दात काढायला निघालं, तर थांबवा. खरी पातळी हवी असेल तर बोवाइन (गाईपासूनचं) रिएजंट वापरणारी क्रोमोजेनिक (रंगबदलावरून फॅक्टर मोजणारी) चाचणी मागा.