संदेश कोणाचा, ऐकतो कोण?

बाळ,

पीटीएचआरपी हे प्रथिन नसलेल्या उंदराच्या पिल्लाबद्दल तुझ्या वहीतलं वाक्य डोक्यातून जाईना: 'पॅराथायरॉइड बिघडली, म्हणून कवटीचं हाड कमी वाढलं.' एका ओळीत दोन चुका. तरी दोष तुला देत नाही, नावानंच फसवलंय. आडनाव खानापूरकर म्हणून माणूस खानापुरातच राहतो, असं आपल्याकडे कोण धरून चालतं? पीटीएचआरपीचंही तसंच, पूर्ण नाव 'पॅराथायरॉइड हार्मोन-रिलेटेड प्रोटीन'. काही कॅन्सरमध्ये रक्तातलं कॅल्शियम का चढतं, हे शोधताना १९८७ मध्ये ते गाठींमधून हाती लागलं. पॅराथायरॉइड या मानेतल्या ग्रंथीच्या हार्मोनशी साम्य दिसलं, नाव चिकटलं. दोघांचा रिसेप्टरही, म्हणजे पेशीवरचा संदेश ऐकणारा कानही, एकच. पण ग्रंथीचं हार्मोन म्हणजे गावभर पिटलेली दवंडी. हे मात्र शेजारणीला कुंपणावरून सांगितलेलं. संदेश कोण देतं, ऐकतं कोण, हे लिहिल्याशिवाय 'कमी-जास्त' लिहायचंच नाही.

माथ्याची हाडं पडद्यातून थेट बनतात. कवटीचा तळ आधी कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा. तिथल्या दोन हाडांमधली पट्टी, म्हणजे सिंकॉन्ड्रोसिस, ही पाठीला पाठ लावलेल्या दोन ग्रोथ प्लेटच, म्हणजे हाड लांब करणारे कूर्चेचे थर. मध्ये विश्रांत पेशी, दोन्हीकडे आधी विभागणाऱ्या, मग फुगणाऱ्या; फुगलेल्यांच्या जागी हाड येतं. फुगायच्या बेतातल्या पेशी इंडियन हेजहॉग नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडतात. त्यानं पीटीएचआरपी वाढतं, आणि ते विभागणाऱ्या पेशींना थोपवतं: एवढ्यात फुगू नका.

१९९४ मध्ये पीटीएचआरपीचं जनुक काढलेल्या उंदरांची पिल्लं जन्मताच दगावली. त्यांच्यात हाड लवकर झालं होतं! पेशी पुरेशा विभागण्याआधीच फुगल्या, तळ आखूड राहिला, माथा घुमटासारखा वर आला. उलट माणसांतल्या जान्सेनच्या जन्मजात विकारात रिसेप्टर संदेशाविनाच चालू राहतो, फुगणं लांबणीवर पडतं. ब्लॉमस्ट्रँडच्या विकारात तो बहिरा. हाडं दोन्हीकडे आखूडच. मग नुसतं 'आखूड' लिहून काय कळलं? कोण देतं, ऐकतं कोण, ते सांग.

मला हेकट म्हणतात, म्हणोत. पाठ करून पुढे गेलेल्यांना वेळीच अडवलं नाही, खंत त्याची आहे.

आता सांगाडा रंगवण्याचं. नवजात पिल्लाची कातडी आणि आतडी काढ, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, मग चरबीसाठी अॅसिटोन. ८० मिली अल्कोहोल, २० मिली ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, ३० मिलिग्रॅम अल्सियन ब्लू हा रंग: कूर्चा निळी होते. एक दिवस पुरे. जास्त राहिलं तर अॅसिड कॅल्शियम खातं, पुढचा, हाड रंगवणारा अॅलिझरिनचा लाल फिका पडतो आणि तू पुन्हा 'हाड कमी' लिहिशील. म्हणून त्याच वेताचं निरोगी भावंड त्याच बरणीत हवं. मांस पारदर्शक करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड १ टक्काच. रोज बघ, नाहीतर सांधे सुटून हाडं तळाशी पडतात.

फोटोआधी खालचा जबडा काढ, नाहीतर तळ झाकला जातो. काप घेशील तो बरोबर मध्यरेषेतून. तिरका गेला तर पट्टी उगाच जाड दिसते. बुधवारी दोन्ही पिल्लांच्या तळाचे फोटो आण, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवलेले.