जीवशास्त्र सोडलं होतं, आता अ‍ॅनाटॉमी डोक्यात राहत नाही

‘शाळेतच जीवशास्त्र सोडलं, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स आवडतं म्हणून बायोमेडिकलला, म्हणजे वैद्यकीय यंत्रांच्या शाखेला आले. सर्किट जमतात. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी (शरीराची रचना आणि कार्य) मात्र कितीही वाचलं तरी आठवड्याभरात पुसून जातं. माझी शाखा चुकली का?’ पहिल्या वर्षाची मुलं हा प्रश्न घेऊन नेहमी येतात. या विद्यार्थिनीचाही तोच होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

शाखेचं नंतर बघू म्हटलं आणि आधी तिची वही मागितली. वही देखणी होती. तीन रंगांत अधोरेखित केलेली, हृदयाच्या आकृतीला झाडून सगळी नावं दिलेली, पण सगळं पुस्तक समोर उघडं ठेवून उतरवलेलं. ती मिटायला लावली आणि कोऱ्या कागदावर ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाचा, एक ठोका काढायला सांगितला. पी, क्यूआरएस, टी या तिन्ही भागांसह लहर अचूक आली.

‘पी संपल्यावर क्यूआरएस सुरू होईपर्यंत ही सपाट रेष आहे. तेवढ्यात हृदयात काय चाललंय?’

‘काहीच नाही ना मॅडम, सपाट आहे.’

खरं तर तिथेच महत्त्वाचं काम चाललेलं असतं. वरच्या दोन कप्प्यांतून आलेला विद्युत संदेश एव्ही नोडमध्ये (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या छोट्या गाठीत) साधारण ०.१ सेकंद रेंगाळतो. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ढकलून मोकळे होतात. हा थांबा नसता तर खालचे कप्पे पुरते भरण्याआधीच आवळले गेले असते. एव्ही नोड इतका लहान असतो, की त्याची विद्युत हालचाल त्वचेवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाही, म्हणून रेष सपाट दिसते. हे ऐकून ती म्हणाली, ‘म्हणजे हा डिले आहे!’ पीआर अंतर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे २५ मिमी प्रतिसेकंद वेगाच्या कागदावर ३ ते ५ बारीक चौकोन, हे तिला पाठ होतंच. ते कशाचं माप आहे हे त्या दिवशी कळलं.

तेव्हा शाखा बरोबर होती, अभ्यासाची दिशा उलटी होती. डॉक्टर होणारा अवयवापासून सुरुवात करतो. तंत्रज्ञाने यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यापासून मागे जावं: हा आकडा कुठून उचलला, तो शरीरात कशामुळे तयार होतो, आणि काय बिघडलं तर खोटा येईल?

तिला पहिलं काम दिलं ते लीडचं, म्हणजे ईसीजीत हातापायांवरच्या दोन जागांमधल्या विद्युत फरकाचं. लीड १ म्हणजे डाव्या हाताचा विभव (व्होल्टेज) वजा उजव्या हाताचा. लीड २ म्हणजे डावा पाय वजा उजवा हात, लीड ३ म्हणजे डावा पाय वजा डावा हात. हातांच्या वायर अदलाबदल झाल्या तर काय होईल? तिने बेरीज-वजाबाकी करून स्वतःच काढलं: लीड १ उलटा पडतो, २ आणि ३ जागा बदलतात. डावं-उजवं नेहमी रुग्णाचं, आपलं नाही, हा धडाही त्यातच पक्का झाला. समोरासमोर उभं राहिलं की नवशिके हमखास इथे फसतात.

दुसरं काम श्वसनाचं. एका श्वासात ५०० मिली, मिनिटाला १२ श्वास: ६ लिटर. २५० मिली आणि २४ श्वास: तेही ६ लिटरच. व्हेंटिलेटरवर मिनिटाचा आकडा सारखाच दिसेल. पण प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिली हवा श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत) जात नाही. ती वजा केली की पहिल्याला ४.२ लिटर उरतात, दुसऱ्याला फक्त २.४. दुसऱ्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणारच. व्हेंटिलेटरच्या नळीच्या तोंडाशी मोठा फिल्टर बसवला तर ही वाया जाणारी जागा आणखी वाढते. हे गणित एकदा हाताने केलं की श्वसनाचं अर्धं प्रकरण त्याच्याभोवती आपोआप लागतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना एक सावधगिरी सांगावी लागते. रक्तदाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट, हे चालतं. पण इथला रोध कायम राहत नाही. शरीर तो क्षणोक्षणी बदलतं. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट नाही, सुमारे १६ पट होतो.

वेळापत्रक साधं ठेवलं. एक प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, दहा मिनिटांत आठवेल तेवढी आकृती काढायची, मग पुस्तक उघडून चुका लाल पेनने दुरुस्त करायच्या. तीच आकृती दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर. पहिल्या वेळी निम्मा कागद लाल होतो आणि मुलं इथेच धीर सोडून पुन्हा अधोरेखनाकडे वळतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असा भास होतो, एवढंच. क्रम: हृदय-रक्ताभिसरण, श्वसन, मज्जातंतू-स्नायू, मूत्रपिंड, बाकीचं नंतर.

निव्वळ पाठ करावं लागतं असंही बरंच आहे, त्याला पळवाट नाही. पण २०६ हाडांची यादी एका बैठकीत घोकू नये. दिवसाला दहा-बारा पुरेत, आणि शक्य तिथे स्वतःच्या अंगावर चाचपून. मनगटात अंगठ्याच्या बाजूची नाडी सापडली, की तिच्या खालचं हाड रेडियस हे वेगळं घोकायला लागत नाही.