न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गेले दोन महिने तू नाशिकमधील सातपूरच्या आपल्या सल्ला केंद्रात नियमाने बसतो आहेस, आणि आता तुला असा प्रश्न पडला आहे की, ज्या कामाचे कोणी पैसे देत नाही आणि ज्यातली बरीचशी माहिती फोनवर कुणालाही मिळते, त्या कामाचे समाजाच्या हिशेबात मोल किती धरायचे. तू अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहेस, तेव्हा हा प्रश्न तुला पडायलाच हवा होता. त्याचे उत्तर मी एका बाईंच्या पिशवीपासून देतो.

अंबडच्या एका कारखान्यातील कामगार नोकरीत असतानाच वारला. त्यानंतर आठ महिन्यांनी त्याची पत्नी आपल्या केंद्रात आली. मुलीच्या महाविद्यालयासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता आणि त्यासाठी स्टॅम्प पेपरवर काय लिहायचे, एवढेच त्यांना विचारायचे होते. कापडी पिशवीतून त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला: घडी मोडलेला कोरा स्टॅम्प पेपर, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि फाटू नये म्हणून लॅमिनेट करून घेतलेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांचे होते. शासकीय कार्यालयात दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर ते चालते. तरीही लोक रांगेत उभे राहून स्टॅम्प पेपर विकत घेतात, कारण त्यांना तसे सांगणारे भेटत नाही, आणि 2024 मध्ये 100 रुपयांच्या जागी 500 रुपयांचा कागद आल्यापासून या अज्ञानाची किंमत पाचपट झाली आहे.

परंतु त्या दिवशीचे खरे काम पुढेच होते. पासबुकात भविष्य निर्वाह निधीची (पीएफची) रक्कम जमा झाल्याची नोंद दिसली, म्हणून मी सहज विचारले, “बाई, विम्याचे काय झाले?” त्या म्हणाल्या, “कसला विमा? त्यांनी कधी विमा उतरवलाच नव्हता.” नोकरीत असताना पीएफचा सभासद वारला, तर त्याच्या कुटुंबाला पीएफच्या शिल्लक रकमेखेरीज ठेव संलग्न विम्याची रक्कम मिळते आणि तिची कमाल मर्यादा 7 लाख रुपये आहे. या विम्याची वर्गणी मालक भरतो, कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक पैसाही कापला जात नाही. नेमक्या याच कारणामुळे पगारपत्रकावर त्याचा मागमूस नसतो आणि घरच्यांना तो असल्याचे कळत नाही. पीएफबरोबरच्या विधवा निवृत्तिवेतनाचाही अर्ज त्यांनी केला नव्हता. पीएफचा अर्ज भरून देणाऱ्याने आपले पैसे घेतले आणि “झाले तुमचे काम” असे सांगून त्यांना घरी पाठवले होते.

तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. माहिती फोनवर आहे, हे मला मान्य आहे. पण जो प्रश्न फोनला विचारला जातो, त्याचेच उत्तर फोन देतो. आपल्याकडे अमुक एक हक्क आहे, हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्याविषयी प्रश्न कसा विचारणार? त्या बाईंनी फोनवर स्टॅम्प पेपरचा मजकूर शोधला असता आणि तो त्यांना मिळालाही असता. विम्याची गोष्ट मात्र पिशवी कोणाच्या तरी समोर उघडली म्हणूनच निघाली, आणि माणूस आपली पिशवी परक्यासमोर उघडत नाही. त्यांच्या शेजारणीचे रेशनकार्डाचे काम आपल्या केंद्रात झाले होते, म्हणून त्या आल्या. सल्ला केंद्र वस्तीतच हवे, असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

आता हिशेबाकडे वळू. त्या बाईंना मिळालेली विम्याची रक्कम ही आपल्या केंद्राची कमाई म्हणून कधीही मांडू नकोस. ते पैसे त्या बाईंचेच होते. आपण नवे धन निर्माण केले नाही, अडकलेले धन त्याच्या हक्काच्या घरी वेळेवर पोहोचवले, आणि “वेळेवर” या शब्दातच अर्थशास्त्र आहे. त्यांची रक्कम मी लिहीत नाही, ती त्यांची खासगी बाब आहे. पण समज, एखाद्या घराने आजारपणात 40,000 रुपये शेकडा 5 रुपये महिन्याच्या व्याजाने घेतले आहेत. त्या घरातून दरमहा 2,000 आणि वर्षाला 24,000 रुपये केवळ व्याजात जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. हक्काचे पैसे वर्षभर आधी हाती आले, तर हे 24,000 रुपये वस्तीतच राहतात. वाण्याच्या दुकानात, शिकवणीच्या फीमध्ये, औषधांत खर्च होतात. शिवाय परवान्याविना सावकारी करणाऱ्यावर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली कारवाई होऊ शकते, हेही कर्जदाराला कोणी तरी सांगावे लागते.

दुसरी बाब हेलपाट्यांची. माझ्या मते सर्वांत मोठा आणि कुठेही न नोंदला जाणारा खर्च तोच आहे. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा आणि पेठकडची मजूर कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या बागांत कामाला येतात. सुरगाण्याहून नाशिकला एसटीने यायचे म्हणजे 80-90 किलोमीटरचा प्रवास. एका कागदाची त्रुटी निघाली की माणूस परत फिरतो, पुन्हा येतो, आणि त्या दिवशी साहेब दौऱ्यावर असतात. प्रत्येक खेपेला एका दिवसाचा रोज बुडतो, भाडे जाते, झेरॉक्सचे पैसे जातात, आणि तिसऱ्या खेपेनंतर बहुतेक माणसे तो नादच सोडून देतात. कसत असलेल्या वनजमिनीवरचा, म्हणजे वनहक्काचा, दावा फेटाळला गेल्यास 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, या दोन गोष्टी वेळीच कळल्या तर एका कुटुंबाची कसणूक वाचू शकते. उशिरा कळल्या तर तीच माहिती पश्चात्तापाखेरीज काही देत नाही.

याचा लाभ कार्यालयांनाही होतो, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पहिल्याच खेपेला पूर्ण अर्ज आला, तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याची त्रुटीपत्रे लिहिण्यातली मेहनत वाचते आणि मागच्या रांगेतल्या माणसाचा नंबर लवकर लागतो. म्हणून कार्यालयांशी भांडण हा आपल्या कामाचा आरंभ नसावा. आधी अर्ज नीट भरावा आणि पोचपावती न चुकता मागावी. मुदतीत उत्तर आले नाही, तर 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करावे. या क्रमाने चालावे.

तुला माझी एक चूक सांगतो, कारण ती मी अजून विसरलेलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ सदोष यंत्राची तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. मी त्यांना ग्राहक आयोगाची पद्धत, अर्जाचा नमुना, जोडायचे कागद असे सारे तपशीलवार समजावले आणि बिलावरची तारीख पाहिली नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि त्यांचे केवळ नऊ दिवस उरले होते. ते कागद जमवून महिन्याने परत आले. मग विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला आणि तो मान्य झाला नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण त्या माणसाचे नुकसान माझ्या सल्ल्याने झाले. त्या दिवसापासून मी कोणताही कागद हाती घेतला की आधी तारीख वाचतो, आणि तूही तसेच करावेस, अशी माझी अपेक्षा आहे. चुकीचा मोफत सल्ला ऐकणाऱ्याला मोफत पडत नाही.

आपल्या मर्यादाही ओळख. वकिलाचे काम आहे असे दिसताच माणसाला जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत मोफत कायदेविषयक साहाय्याचे 39क हे कलम आले. त्यावर 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो 9 नोव्हेंबर 1995 रोजी अमलात आला. त्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. हे मी आजवर अनेक सुशिक्षित घरांतही सांगितले आहे आणि बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्यांना ते नवीनच होते. हेल्पलाइनचा 15100 हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

संकटकाळी सल्ला ही अन्नधान्यासारखीच गरज असते, हे इतरांनीही ओळखले आहे. दुसऱ्या महायुद्धाची घोषणा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबर 1939 रोजी, ब्रिटनमध्ये सुमारे 200 ठिकाणी नागरिक सल्ला केंद्रे उघडली गेली. रेशनपासून ताटातूट झालेल्या नातेवाइकांपर्यंतचे प्रश्न लोक तिथे घेऊन येत.

आपल्या नोंदवहीबद्दल एक सूचना. सध्या आपण “आलेला प्रश्न” आणि “दिलेला सल्ला” असे दोनच रकाने भरतो. त्यात “न विचारता निघालेली गोष्ट” हा तिसरा आणि “वाचलेले हेलपाटे” हा चौथा रकाना वाढव. जे काम आपल्याशिवायही झाले असते, त्यापुढे तसे प्रामाणिकपणे लिही, मग आकडा लहान दिसला तरी चालेल. उद्या एखाद्या देणगीदारापुढे किंवा महापालिकेपुढे वही ठेवायची वेळ आली, तर फुगवलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा असा लहान आकडाच टिकेल. आणि जे आकड्यात बसत नाही, तेही थोडक्यात लिहून ठेव. त्या बाईंची हकीकत कळल्यावर त्याच कारखान्यातले तीन कामगार पीएफमधले आपापले नामनिर्देशन तपासायला आले; दोघांच्या नोंदीत पत्नीचे नावच नव्हते. ती नावे आता लागली आहेत. त्या दोन घरांत पुढे काय टळले, ते कोणत्याच वहीत दिसणार नाही.

त्या बाई येत्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा येणार आहेत आणि मी त्या दिवशी गावी असेन. निवृत्तिवेतनाचा अर्ज पुरा करायचा आहे. मुलगी 25 वर्षांच्या आतली असल्याने तिचाही निवृत्तिवेतनात हिस्सा आहे, म्हणून तिचा जन्मदाखला आणायला सांगितले आहे. पीएफच्या नोंदीत नवऱ्याच्या आडनावातले एक अक्षर आधार कार्डापेक्षा वेगळे आहे. ती दुरुस्ती आधी करून घ्यावी लागेल. त्यांना बसायला खुर्ची दे, पिशवीतले सगळे कागद बाहेर काढू देत, आणि शेवटचा कागद पाहून होईपर्यंत अर्ज लिहायला घेऊ नकोस.

तुझा,
काका