कारवानीला म्युनिकला न्यायचंय: मे महिन्यात का जमणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरजेतला चार वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा, रेबीजची लस दर ऑगस्टला न चुकता, मायक्रोचिप गेल्या महिन्यात म्हणजे जानेवारीत बसवली. मुलगी दोन वर्षांपासून म्युनिकला आहे, तुम्ही दोघं मे महिन्यात त्याला तिच्याकडे सोडून येणार, आणि विमानतळावर कस्टमवाले अडवतील का?

अडवतील. मे विसरा.

युरोपियन युनियनच्या हिशेबात चिपच्या आधी दिलेली लस धरलीच जात नाही. लस नेमक्या याच कुत्र्याला दिली याचा पुरावा चिपच असतो, त्यामुळे तुमची ऑगस्टची लस कागदावर शून्य, ती आता पुन्हा द्यायची. चिप आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, १५ अंकी हवी. डॉक्टरांना आधी चिप वाचायचं यंत्र, म्हणजे रीडर, फिरवून नंबर वाचायला लावा, मगच सुई. लसीच्या पुस्तकात बॅच नंबरचं स्टिकर, तारीख, मुदत आणि चिपचा नंबर हे सगळं हवं. मोफत लसीकरण शिबिरातल्या नोंदीत यातलं निम्मं नसतं, म्हणून ती इथे चालत नाही.

रेबीजच्या बाबतीत भारत युरोपच्या सुरक्षित यादीत नाही. त्यामुळे लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून अँटिबॉडी मोजाव्या लागतात, त्याही युरोपियन युनियनने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत. आकडा ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा जास्त हवा. रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. लस १० फेब्रुवारीला दिली तर रक्त १२ मार्चच्या आधी नाही, आणि जर्मनीत पाय १२ जूनच्या आधी नाही. दोन-चार दिवस जास्तच धरा, काठावरची तिकिटं काढू नका. रिपोर्ट यायला लागणारे आठवडे या तीन महिन्यांतच जातात, ते वेगळे मोजायचे नाहीत.

रक्त तसंच पाठवायचं नसतं, सीरम, म्हणजे वरचा पिवळसर पातळ भाग, वेगळं करून पाठवायचं. गुठळी होऊ द्या, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवा. मिरजेत पॅथॉलॉजी लॅबना तोटा नाही, पण कुत्र्याचा नमुना घेतील का ते आधी विचारून ठेवा. नळी हलवाहलवीत लाल झाली तर प्रयोगशाळा नमुना परत करू शकते आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. नळीवर आणि फॉर्मवर चिपचा नंबर एकच आहे ना, हे अंक बोटाने मोजत तपासा. हा रिपोर्ट एकदा मिळाला की लसीत खंड न पडल्यास आयुष्यभर चालतो. एक दिवसही उशीर झाला तर सगळं पुन्हा.

आता तुम्ही न विचारलेली, पण जास्त अडचणीची गोष्ट. कुत्रा मुलीकडे कायमचा राहणार असेल तर मालक कोण? मालकी बदलण्यासाठी नेलेला प्राणी घरगुती प्रवासात बसत नाही, तो व्यापारी माल ठरतो आणि नियम वेगळे लागतात. कागद मुलीच्या नावावर करून तुम्ही तिच्या लेखी अधिकारपत्रावर नेऊ शकता, पण मग कुत्र्याच्या आगेमागे पाच दिवसांत तिचाही प्रवास व्हायला हवा. सरळ सांगायचं तर जूनमध्ये तिलाच सुट्टी काढून बोलवा आणि तिच्याबरोबरच पाठवा.

आरोग्य प्रमाणपत्र मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयातून, म्हणजे केंद्र सरकारच्या एक्यूसीएसकडूनच घ्यायचं. सांगलीच्या सरकारी पशुवैद्यांचा शिक्का तिथे पुरत नाही. सहीपासून १० दिवसांत युरोपात पोचायचं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यातलं. प्रमाणपत्राचा फॉर्म सध्या लागू असलेलाच घ्या. तो इंग्रजीत आणि ज्या देशात पहिल्यांदा उतराल त्या देशाच्या भाषेत लागतो. पॅरिसला विमान बदलणार असाल तर तपासणी पॅरिसलाच आणि फॉर्म फ्रेंच-इंग्रजी. त्यापेक्षा मुंबईहून थेट जर्मनीचं विमान बरं.

पिंजऱ्यात कारवानीवाले हमखास फसतात, कारण हा कुत्रा अंगाने हडकुळा पण पायांनी उंच. लांबी म्हणजे नाक ते शेपटीचं मूळ, अधिक कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत किंवा कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत, वर अंथरुणाची जाडी. नाक-शेपटी ९० आणि कोपर ४० सेंटिमीटर असेल तर आतून ११० सेंटिमीटर लांबी हवी. बाजारातला सगळ्यात मोठा प्लॅस्टिक पिंजरा साधारण १२२ × ८१ × ८९ सेंटिमीटरचा असतो. कार्गोत भाडं आकारमानाच्या वजनावर लागलं (घनसेंटिमीटर भागिले ६०००), तर २८ किलोच्या कुत्र्याचे १४७ किलोचे पैसे. आधी विमान कंपनीला विचारा, मग पिंजरा घ्या. सुताराकडून करून घेणार असाल तर प्लायवूडचाच करा. नुसत्या लाकडाच्या पट्ट्यांना उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का लागतो आणि गल्लीतल्या सुताराकडे तो नसतो. जोड प्लॅस्टिकच्या खटक्यांचे नकोत, लोखंडी नट-बोल्टच. गुंगीचं औषध देऊ नका, असा कुत्रा विमान कंपन्या नाकारतात. खंबाटकी घाटात ओकाऱ्या करणारा असेल तर मिरजेतून निघताना पोट हलकं ठेवा.

म्युनिकला कस्टमच्या हिरव्या नाही, लाल (सामान जाहीर करण्याच्या) मार्गानेच बाहेर पडायचं आणि कागद स्वतःहून समोर ठेवायचे. घर हलवताना पाळीव प्राण्याला करमाफी असते, पण ती स्थलांतरानंतर १२ महिन्यांतच. मुलीची मुदत गेली. सोबतच्या सामानात विमानप्रवाशाला ४३० युरोपर्यंतची सूट आहे, कार्गोने गेला तर तीही नाही. कारवानीची किंमत विचारतील. पावती असेल तर ठेवा, नसेल तर किंमत आणि तो किती वर्षं घरचा आहे हे लिहून सही करा. लसीच्या जुन्या पुस्तकाचा उपयोग इथे होतो, ते फेकू नका.

कागदात खोट निघाली तर परत पाठवणं किंवा स्वखर्चाने क्वारंटाइन, आणि दोन्ही शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून मारून टाकण्याचाही अधिकार त्यांना आहे.

मे महिन्याची तिकिटं काढली असतील तर तुमची तेवढी वापरा, कुत्र्याचं बुकिंग रद्द करा. आणि या आठवड्यात रीडर असलेला डॉक्टर गाठा.