हायस्कूलचं वेळापत्रक आखताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नववी ते बारावीची नवी शाळा सुरू होतेय आणि मुलांना विषय निवडायची मोकळीक द्यायची आहे. मग विचारलंय की तासिका ४५ मिनिटांची ठेवावी की ९० ची, वेळापत्रकासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कामाला कधी लागावं. पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं मी हेच काम केलं आहे, त्या जोरावर लिहितो. पण तुमचा क्रम मोडून लिहितो, कारण तासिकेच्या लांबीआधी एक गोष्ट ठरावी लागते: मुलाला नेमकं काय काय निवडता येणार आणि ते शिकवायला माणसं किती आहेत?

हिशोब करून बघा. समजा ४८० मुलं आहेत आणि आठवड्याला ४० तासिका. प्रत्येक तुकडी ३० ची असेल तर ४८० गुणिले ४० भागिले ३०, म्हणजे ६४० तासिका शिकवायला माणूस उभा करायचाय. एका शिक्षकाचा कार्यभार २६ तासिकांचा धरला तर २५ शिक्षकांत भागतं. आता ऐच्छिक विषय आले. कुठे १२ मुलं, कुठे १८, आणि सरासरी तुकडी २४ वर आली. मुलं तीच, दिवस तोच, पण तासिका झाल्या ८०० आणि शिक्षक लागले ३१. माहितीपत्रकात ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी छापायला काहीच लागत नाही. हे सहा जादा पगार कुठून येणार, ते मात्र आधी ठरायला हवं. महत्त्वाकांक्षी योजना बहुतेक वेळा या बेरजेपाशीच अडकतात आणि बोल लावला जातो वेळापत्रक करणाऱ्याला.

यादी पक्की झाली की मुलांकडून पसंती घ्या, आणि ती वेळापत्रकाला हात लावण्याआधी घ्या. पुष्कळ ठिकाणी उलटं चालतं. आधी ‘अ’ गट, ‘ब’ गट असे विषयगट ठरवून टाकतात आणि मुलांना सांगतात, प्रत्येकातून एक निवडा. काम सोपं होतं, पण ते गट कोणाच्या तरी अंदाजावर केलेले असतात. मुलाला जे दोन विषय हवेत ते नेमके एकाच गटात निघतात. पसंती मोकळी घ्या, सोबत दोन पर्यायी विषय लिहून घ्या, मग मोजा. आणि एक नियम पसंती मागवण्याआधीच लेखी करून ठेवा: किती मुलं आली तर विषय चालवायचा आणि किती आली तर नाही. आकडे हातात आल्यावर हा नियम करायला गेलात, तर तो कोणा एका शिक्षकाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

आता या सगळ्या कामाचा गाभा. काही विषयांची एकच तुकडी निघेल: संगीत, प्रगत भौतिकशास्त्र, एखादी परकी भाषा. असे सगळे विषय एका स्प्रेडशीटमध्ये आडवे आणि उभे लिहा. प्रत्येक चौकटीत लिहा, हे दोन्ही विषय मागितलेली मुलं किती. संगीत आणि प्रगत भौतिकशास्त्राच्या चौकटीत १४ आलं, तर हे दोन वर्ग एका वेळी ठेवल्यावर १४ मुलांना एक विषय सोडावा लागणार. जिथे शून्य आहे ते दोन विषय बिनधास्त एका वेळी ठेवा. विषयगट या तक्त्यातून निघाले पाहिजेत. तो भरायला एक दुपार पुरते, तरी तो न भरता महिनाभर डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

मग जागा भरायचा क्रम ठरतो. एकच तुकडी असलेले विषय आधी, दोन तुकड्यांचे नंतर, आणि गणित, भाषा असे डझनभर तुकड्यांचे विषय सगळ्यात शेवटी. ट्रकमध्ये सामान भरताना कपाट आधी चढवतात, उशा मागाहून कुठेही बसतात. इथे तुम्हाला विरोध होणार. गणिताचे विभागप्रमुख म्हणतील, आमचा विषय महत्त्वाचा, आम्हाला सकाळचे तास आधी द्या. ऐकून घ्या, पण देऊ नका. गणिताच्या सगळ्या तुकड्या सकाळी ठोकल्यात की ऐच्छिक विषयांना दुपारच्या दोन-तीनच जागा उरतात आणि एकमेकांवर आदळतात. ज्यासाठी शाळा काढली ती मोकळीक पहिल्याच दिवशी संपते.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी थोडं गणित, कारण त्यातून व्यवहाराची गोष्ट निघते. हंगेरीचे गणिती डेनेश कोनिग यांनी १९१६ मध्ये आलेखांबद्दल (म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांबद्दल) एक प्रमेय सिद्ध केलं. ते वेळापत्रकाला लावलं तर असं होतं: कोणता शिक्षक कोणत्या तुकडीला किती तास शिकवणार हे ठरलेलं असेल आणि दुसरी कसलीच अट नसेल, तर सगळ्यात जास्त भार असलेल्या शिक्षकाला किंवा तुकडीला जितक्या तासिका लागतात तितक्यात सगळं हमखास बसतं. म्हणजे मुळात हा प्रश्न सोपा आहे. १९७६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ शिमॉन एव्हन, आलोन इताई आणि आदी शमीर यांनी दाखवलं की ‘अमुक शिक्षक अमुक वेळीच येऊ शकतो’ अशा अटी आल्या की तोच प्रश्न जे झटपट सोडवण्याची खात्रीची रीत अजून कोणालाच सापडलेली नाही अशा प्रश्नांच्या वर्गात जाऊन बसतो. (हे शमीर म्हणजे आरएसए या सांकेतिक पद्धतीतल्या ‘एस’चे धनी.)

थोडक्यात, तुमचं वेळापत्रक किती अवघड होईल हे मुलांच्या संख्येपेक्षा तुम्ही किती जणांच्या किती अटी मान्य करता त्यावर ठरतं. अर्धवेळ शिक्षक फक्त मंगळवारी सकाळी येणार, कोणाला शेवटचा तास नको, कोणाला दोन तास लागोपाठ नकोत. प्रत्येक अट एकटी बघितली तर रास्तच वाटते. म्हणून मी अटींच्या दोन याद्या करतो. पहिलीत फक्त न मोडता येणाऱ्या: एक माणूस एका वेळी एकाच वर्गात, प्रयोगशाळेत एका वेळी एकच तुकडी, प्रात्यक्षिकाला जोडतास, अर्धवेळ शिक्षकाच्या करारातल्या वेळा. बाकी सगळ्या दुसऱ्या यादीत, म्हणजे जमलं तर. पहिल्या यादीत घुसायला प्रत्येक जण धडपडतो. ती यादी मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय वाढू देऊ नका.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एफईटी मोफत आणि मुक्तस्रोत आहे, नव्या शाळेला पुरेसं आहे. विकतच्यांमध्ये एएससी टाइमटेबल्स खूप शाळा वापरतात. कोणतंही घ्या, ते तुमच्या अटींचं पालन करेल. कोणती अट मूर्खपणाची आहे हे ते सांगणार नाही. उत्तर निघत नसेल तर संगणक रात्रभर चालू ठेवण्याऐवजी पहिली यादी उघडून बसा.

आता तासिकेची लांबी. शाळेचा वेळ तासांत मोजायची सवय कुठून आली ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायचं ठरवलं. कोणती कॉलेजं त्याला पात्र, हे ठरवायला प्रवेशाचं एक माप हवं होतं. त्यातून एका विषयाच्या वर्षभराच्या १२० तासांचं एकक रूढ झालं, आणि हायस्कूलचा दिवस रोजच्या सारख्या तासिकांमध्ये विभागण्याची पद्धत त्याने पक्की केली. मूल किती वेळात शिकतं याचा त्यात कुठेही विचार नव्हता. तेव्हा ४५ मिनिटांना पवित्र मानायचं कारण नाही. ९० मिनिटांनाही नाही.

दोन्हींची बेरीज सारखीच येते: १८० दिवस रोज ४५ मिनिटं किंवा ९० दिवस रोज ९० मिनिटं, दोन्हीकडे १३५ तास. फरक पडतो तो वर्ग बदलण्याच्या वेळात. आठ तासिकांच्या दिवसात सात वेळा अदलाबदल, चार तासिकांच्या दिवसात तीन वेळा. प्रत्येक वेळी ५ मिनिटं धरली तर रोज २० मिनिटं वाचतात, १८० दिवसांत ६० तास. मुलंच वर्ग बदलत असतील तर हे वाचणं खरं. मुलं जागेवर आणि फक्त शिक्षक फिरत असतील तर एवढं वाचत नाही. प्रयोग, चित्रकला, निबंधलेखन यांना लांब तासिका उघड फायद्याची.

तोटेही आहेत. सत्रात चारच विषय रोज ९० मिनिटं शिकवण्याची पद्धत घेतलीत, तर पहिल्या सत्रात गणित केलेल्या मुलाला पुढचं गणित थेट दुसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या सत्रात मिळू शकतं. मधे वर्षभर हात सुटतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की एका बैठकीत घोकण्यापेक्षा विखरून केलेली उजळणी जास्त टिकते. भाषा आणि गणित हे त्या जातीचे विषय आहेत. शिवाय एक दिवस बुडला की दोन दिवसांचं बुडतं. आणि ९० मिनिटांचा तास कसा घ्यायचा हे शिक्षकांना न शिकवता तो दिलात, तर ४५ मिनिटं व्याख्यान आणि ४५ मिनिटं ‘आता गृहपाठ करा’ असंच होतं.

माझं मत विचाराल तर मिश्र आठवडा ठेवा: तीन दिवस छोट्या तासिका, दोन दिवस लांब. भाषा-गणित आठवडाभर हाताखालून जात राहतं आणि प्रात्यक्षिकांना सलग वेळ मिळतो. दिसायला किचकट आहे, पण मुलांना दोन आठवड्यांत सवय होते. मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

याहून धाडसी काही करायचा मोह होईल, म्हणून एक इतिहास सांगतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जे. लॉइड ट्रम्प (राजकारणातले नव्हेत) यांनी सुचवलं की मुलाचा साधारण ४० टक्के वेळ मोठ्या समूहात, २० टक्के छोट्या चर्चागटात आणि ४० टक्के स्वतंत्र अभ्यासात जावा. दिवसाचे पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करून, संगणकावर वेळापत्रकं बनवून पुष्कळ अमेरिकी शाळांनी हे करून पाहिलं. सत्तरच्या दशकात बहुतेकांनी सोडून दिलं, कारण मोकळा वेळ कसा वापरायचा हे न कळलेली मुलं खूप निघाली. कल्पना वाईट नव्हती. पण स्वतंत्र अभ्यासाच्या वेळेलाही जागा, माणूस आणि काम लागतं, आणि कागदावर ती चौकट रिकामी दिसते म्हणून तिकडे कोणी बघत नाही. तुम्ही मोकळी तासिका ठेवणार असाल तर तीही कोणाच्या तरी कार्यभारात मोजा. वरच्या हिशोबातले ३१ शिक्षक ३२ होतील.

शाळा सुरू होण्याच्या वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना लवकर झोपच येत नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने (ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नका असं सुचवलं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये हायस्कूलांसाठी तसा कायदा केला, तो २०२२ पासून लागू आहे. तुमच्या हातात असेल तर पहिला तास लवकरचा ठेवू नका.

शिक्षकांसाठी एक गोष्ट पहिल्या यादीत घालाच: एकच विषय शिकवणाऱ्यांना आठवड्यात एक सामाईक मोकळी तासिका, आणि ती बदली तासासाठी कधीही घ्यायची नाही. नंतर कुठेतरी घुसवू म्हटलं तर ती कधीच मिळत नाही. सुरुवातीला ठेवली तर फुकट बसते.

वेळापत्रक तयार झालं की छापायची घाई करू नका. दहा मुलांचे आठवडे काढून हाताने तपासा. हुशार, गाजलेली मुलं घेऊ नका, कडेची घ्या: एकच तुकडी असलेले तीन विषय मागणारी मुलगी, कुबड्या घेऊन चालणारा मुलगा (५ मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर पोचतो का?), दोन विषयांत मागे पडलेला मुलगा. या शेवटच्याचा आठवडा नीट बघा. जादा तास द्यायला जागा हवी म्हणून त्याचं चित्रकला, खेळ, संगीत सगळं काढलेलं असतं, आणि शाळेत यायचं त्याचं एकमेव कारण बहुतेक तेच असतं. जादा तासाची चौकट सगळ्यांच्याच वेळापत्रकात एका वेळी ठेवा. ज्याला गरज त्याला शिकवणी, बाकीच्यांना वाचन किंवा प्रकल्प.

कधी सुरू करायचं? शाळा उघडायच्या दहा महिने आधी विषयांची यादी, सात महिने आधी पसंती, सहा महिने आधी तुकड्यांची संख्या, कारण शिक्षकभरती तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्यक्ष चौकटी भरायला शेवटचे दोन-तीन महिने पुरे. पहिले तीन आठवडे विषय बदलायची मुभा द्या, पण तासिका हलवू नका. एक बदल केला की चाळीस मुलांचे आठवडे हलतात.

आणि हे काम एकट्याच्या डोक्यात राहू देऊ नका. कोणती अट कशासाठी घातली हे अटीसमोर एका ओळीत लिहून ठेवा आणि पहिल्या वर्षापासून दुसऱ्या एकाला शेजारी बसवा. नाहीतर ‘बुधवारी पाचवा तास रिकामाच ठेवायचा’ असली अट वर्षानुवर्षं पाळली जाते आणि ज्यांच्यासाठी ती घातली ते शिक्षक केव्हाच निवृत्त झालेले असतात.