घाट उतरताना सायकलचं हँडल थरथरतं, काय करावं?

हँडल थरथरू लागलं की आपण ते घट्ट आवळतो आणि थरथर आणखी वाढते. त्यापेक्षा दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या दांडीला चिकटवा, सीटवरून वजन किंचित उचला, पकड सैल करा आणि हळूहळू वेग उतरवा. बहुतेकदा एवढ्यानेच थांबतं.

घरी आल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटपाशी, म्हणजे हँडलचा दांडा फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या जोडापाशी, ‘टक्’ जाणवलं तर तो सैल आहे, कसून घ्या. नसेल तर चाक आडवं हलवून हबचे (चाकाच्या मधल्या भागातले) छर्रे आणि फिरवून रिंगचा आऊट (वाकडेपणा) बघा. तेही ठीक असेल तर हँडलवरची जड बॅग काढून पाहा. आणि हो, थंडीने कुडकुडणाऱ्या हातांमुळेही हे सुरू होतं! पहाटे घाटात जर्किन घालाच.