तीन कॉल आणि चौथी जागा

प्रश्न: मॅडम, मी कूलरच्या कंट्रोलरचा प्रोग्राम सी भाषेत लिहितो. पंख्याचा वेग 0 ते 100 मध्ये ठेवणारं ‘मर्यादेत’ नावाचं तीन ओळींचं फंक्शन आहे, ते तीन ठिकाणी वापरलंय. जीडीबीत (प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघायचं साधन, म्हणजे डिबगर) त्यावर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावला की ‘ओ झीरो’वर (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद) एक जागा दिसते, ‘ओ टू’वर (ऑप्टिमायझेशन चालू) चार. कॉल तीन, मग चौथी आली कुठून? आणि याची टेस्ट लिहायची तर तपासायचं काय?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: फंक्शनपुढे तुम्ही ‘स्टॅटिक’ (हे फंक्शन याच फाइलपुरतं, असं सांगणारा शब्द) लिहिलेलं नसणार. कंपायलरनं तिन्ही कॉलच्या जागी फंक्शनचं पोटच उघडून ठेवलं, म्हणजे इनलाइन केलं. पण उद्या दुसऱ्या फाइलनं ‘मर्यादेत’ला हाक मारली तर? म्हणून एक सुटी प्रतही राखली. ती तुमची चौथी जागा. ‘स्टॅटिक’ लावून बिल्ड करा, ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ या जीडीबीच्या यादीत 1.1 ते 1.3 (पहिल्या ब्रेकपॉइंटच्या तीन जागा) एवढंच उरेल. (फंक्शनचा पत्ता कुठे पॉइंटरमध्ये घेतला असेल, तर प्रत राहीलच.)

आता टेस्ट. ‘प्रोग्राम थांबला का?’ एवढंच विचारणारी टेस्ट मीही लिहिली होती. रोज रात्री हिरवीगार, म्हणजे पास. ब्रेकपॉइंट लावला होता कॉलच्या ओळीवर, पण इनलाइन झाल्यावर त्या ओळीचा स्वतःचा असा कोडच उरला नव्हता, म्हणून डिबगरनं तो गुपचूप पुढच्या ओळीवर सरकवला. तिथे पोचेपर्यंत 130 चे 100 होऊन गेलेले, आणि आम्ही दोन दिवस शोधतोय की 130 दिसत का नाही! मे महिना, ऑफिसातल्या कूलरमध्ये पाणी नाही, आणि दोन्ही दिवस दुपारचं जेवण म्हणजे टपरीवरचे तर्री-पोहे.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कच्चा आकडा आणि निकाल, दोन्ही ‘व्होलटाइल’ ग्लोबल ठेवायचे, म्हणजे कंपायलरला ते दरवेळी खरोखर वाचावे-लिहावे लागतात. ‘मर्यादेत(130)’ असं थेट लिहिलंत तर कंपायलर घरूनच 100 काढून आणतो, मग थांबायला जागाच कुठे? ब्रेकपॉइंट फंक्शनच्या नावावर लावायचा. थांबलं की बॅकट्रेसमध्ये (कोणी कोणाला कॉल केलं त्या यादीत) सगळ्यात वर ‘मर्यादेत’ आणि त्याखाली कॉल करणारं फंक्शन दिसलं पाहिजे, आणि निकाल छापला तर जुनाच आकडा आला पाहिजे. मला अडकवणारी चूक या शेवटच्या तपासणीत सापडली असती. जागा किती ते मोजा, थांबे किती तेही मोजा. सुटी प्रत असली तर तिच्यावर कोणी थांबत नाही, म्हणून तुमच्याकडे जागा चार असल्या तरी थांबे तीनच.

आणखी एक. इनलाइन करायचं की नाही हे ‘ओ टू’च्या मर्जीवर सोडू नका. कंपायलरची आवृत्ती बदलली की मर्जीही बदलते. फंक्शनला ‘ऑलवेज इनलाइन’ ही खूण लावली तर जीसीसी हा कंपायलर ‘ओ झीरो’वरही इनलाइन करतो, तिथे टेस्ट स्थिर राहते. ‘ओ टू’ची टेस्ट वेगळी ठेवा. तिथे आर्ग्युमेंट छापायला गेलात की ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ (कंपायलरनं ती किंमत ठेवलीच नाही) हे उत्तर बरेचदा येणार. ती जीडीबीची चूक समजू नका.

‘स्टेप’ (एक ओळ पुढे जा) या कमांडचंही तेच. इनलाइन कॉलच्या तोंडाशी उभं राहून ‘स्टेप’ दिलं की फ्रेम बदलते, पण पीसी (प्रोग्राम काउंटर, पुढच्या सूचनेचा पत्ता) छापून बघा, पत्ता तोच असू शकतो! एकही सूचना चाललेली नसते. जीडीबी आपल्या सोयीसाठी आत गेल्याचं सोंग करतो. ‘फिनिश’ (फंक्शन संपेपर्यंत चालव) ही कमांड मात्र इनलाइन फंक्शननं परत केलेली किंमत दाखवू शकत नाही, त्यावर टेस्ट बेतू नका.

लॅपटॉपवर हे सगळं नीट चालेल, अडेल ते बोर्डावर. तुमची चिप कोणती ते लिहिलं नाहीत. कॉर्टेक्स-एम4 असेल तर फ्लॅशमधल्या (चिपच्या कायम मेमरीतल्या) कोडसाठी हार्डवेअर ब्रेकपॉइंट, म्हणजे चिपमध्येच बसवलेले, सहाच मिळतात, आणि नावावर लावलेला तुमचा एकच ब्रेकपॉइंट त्यातले चार खातो. उद्या कॉल सात झाले की ‘कंटिन्यू’ (पुढे चालू दे) देताच एरर येईल. तेव्हा नको त्या जागा ‘डिसेबल 1.2’ असं म्हणून एकेक झोपवा, सुट्या प्रतीपासून सुरुवात करा.